घोट्यापर्यंतचे ऊन पाणी

सहलीचा बेत ठरू लागला की बहुतेक घरांत एक वाक्य हमखास ऐकू येते : "तुम्ही जाऊन या, मी घरी बरी आहे." घरातील मंडळी ते वाक्य शब्दशः घेतात. 'आईला आता बाहेर पडायला आवडत नाही', 'अण्णांना दगदग नको असते', असा निष्कर्ष निघतो आणि पुढच्या वेळी विचारणेही बंद होते. त्या 'नको'च्या मागे खरोखर काय असते, हे मात्र क्वचितच कोणी विचारून पाहतो. वाटेत लघवीला लागले तर काय करायचे? पायऱ्या किती असतील? चारचौघांत ओल्या कपड्यांनी कसे वावरायचे? आणि माझ्यापायी सगळ्यांचा खोळंबा झाला तर? ज्येष्ठांच्या मनात घोळणारे हे प्रश्न ते बोलून दाखवत नाहीत. बोलून दाखवण्यातही संकोच असतोच.

या वेळी आपण एका दिवसाच्या सहलीचा विचार करणार आहोत : गरम पाण्याच्या झऱ्यांची सहल. हे ठिकाण मुद्दाम निवडले आहे, कारण वरचे चारही प्रश्न तिथे एकदम उभे राहतात; आणि थोडी पूर्वतयारी केली तर चारही प्रश्नांना उत्तर देता येते.

ऊन पाण्याचा पट्टा

कोमट-गरम पाण्याला आपल्याकडे 'ऊन पाणी' म्हणतात. कोकणातील अनेक गावांच्या नावांतच हा शब्द दडलेला आहे. दापोली तालुक्यातील उन्हवरे, पालीजवळचे उन्हेरे, राजापूरजवळचे उन्हाळे ही सगळी गरम पाण्याच्या झऱ्यांची गावे. पालघर जिल्ह्यापासून रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिण टोकापर्यंत, सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या भागात हे झरे ओळीने आढळतात. संगमेश्वर तालुक्यात अरवली, तुरळ आणि राजवाडी हे झरे तर एकमेकांपासून फारसे दूर नाहीत. कोकणाबाहेरही जळगाव जिल्ह्यात उनपदेव आणि नांदेड जिल्ह्यात किनवट तालुक्यातील उनकेश्वर ही ठिकाणे प्रसिद्ध आहेत.

हे पाणी गरम का होते, हा प्रश्न नातवंडे हमखास विचारतात, म्हणून उत्तर जवळ असलेले बरे. महाराष्ट्राचा काळा कातळ लाव्हारसापासून बनला, हे आपण शाळेत शिकलो आहोत. परंतु तो लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच थिजला. आजच्या झऱ्यांची उष्णता त्यातून येत नाही. पावसाचे पाणी खडकांतील खोल भेगांमधून जमिनीत उतरते. जसजसे खोल जावे तसतशी पृथ्वी तापत जाते. दर किलोमीटरला साधारणपणे २५ ते ३० अंश सेल्सियस इतकी. तेथे तापलेले पाणी दुसऱ्या भेगेतून वर येते आणि वाटेत खडकांतले क्षार सोबत आणते. काही कुंडांवर येणारा गंधकाचा वास हा पाण्यात विरघळलेल्या वायूचा. झऱ्याचे पाणी म्हणजे फार लांबचा प्रवास करून आलेला पाऊसच होय.

मुंबई-ठाणे परिसरातील वाचकांना सर्वांत सोयीचे ठिकाण म्हणजे ठाणे जिल्ह्यातील वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी. तानसा नदीच्या काठी दोन-तीन किलोमीटरच्या टापूत ही तिन्ही स्थाने येतात. मुंबईहून अंतर सुमारे ७५ किलोमीटर. अहमदाबाद महामार्गावरील शिरसाड फाट्यावरून किंवा भिवंडी-वाडा रस्त्यावरील अंबाडीमार्गे तेथे जाता येते. वज्रेश्वरीचे देऊळ वसईच्या मोहिमेशी जोडलेले आहे : चिमाजी अप्पांनी देवीला नवस केला आणि १७३९ साली वसईचा किल्ला सर झाल्यावर देऊळ बांधवले. अकलोलीला रामेश्वराच्या देवळाजवळ गरम पाण्याची कुंडे आहेत. गणेशपुरीला भीमेश्वराचे देऊळ, त्याच्या शेजारी कुंडे आणि १९६१ साली समाधिस्थ झालेल्या नित्यानंदांचे समाधिमंदिर आहे. पुढील मजकुरात हेच ठिकाण डोळ्यांसमोर ठेवले आहे. आपल्या जवळच्या झऱ्यालाही त्यातील बहुतेक गोष्टी लागू पडतील.

पाणी काय करते आणि काय करत नाही

गरम पाण्यात शरीर बुडवले की त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, स्नायूंचा ताण सैल होतो आणि आखडलेले सांधे हलवणे काही काळ सोपे जाते. कमरेपर्यंत पाण्यात उभे राहिल्यास गुडघ्यांवरचा भार जवळजवळ निम्मा होतो. ज्यांचे गुडघे रोज दुखतात त्यांना हा आराम फार मोलाचा वाटतो, आणि तो खोटा नसतो.

गुडघ्यांच्या झिजेवर खनिजयुक्त गरम पाण्याच्या स्नानाचा उपयोग होतो का, याचा युरोपात अनेकदा अभ्यास झाला आहे. दुखणे काही आठवडे कमी राहते, असे त्यांतील बऱ्याच अभ्यासांत दिसले. परंतु आपण गरम पाण्यात बसलो आहोत हे रुग्णाला ठाऊकच असते. त्यामुळे पाण्याचा गुण किती, विश्रांतीचा किती आणि विश्वासाचा किती, हे वेगळे काढणे कठीण जाते. फ्रान्समध्ये अशा स्नानोपचारासाठी आरोग्यविमा मिळतो. मात्र त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी लागते आणि १८ दिवसांचा उपचार पूर्ण करावा लागतो. एका दिवसाच्या सहलीला उपचार म्हणता येणार नाही, एवढा अर्थ यातून आपण घ्यावा. झऱ्यावर जाऊन आल्यावर सांधेदुखीची, रक्तदाबाची किंवा मधुमेहाची गोळी बंद करावी, असे कोणी सुचवल्यास हसून विषय बदलावा.

मग जायचे कशासाठी? विश्रांतीसाठी, हवापालटासाठी, चार माणसे पाहण्यासाठी. घराच्या चार भिंतींत महिनोन्‌महिने काढलेल्या माणसाला झाडाखाली बसून वाफाळणारे पाणी पाहणे हेही पुष्कळ आहे.

आणि इथे या लेखातील मुख्य गोष्ट सांगतो. ज्येष्ठांनी कुंडात उतरलेच पाहिजे, असे मुळीच नाही. खुर्चीवर बसून घोट्यापर्यंत किंवा फार तर पोटरीच्या मध्यापर्यंत पाय दहा मिनिटे ऊन पाण्यात ठेवले, तरी सहल पूर्ण झाली असे मानावे. छातीपर्यंत पाण्यात बसल्यावर पाण्याचा दाब पायांतले रक्त वर ढकलतो आणि हृदयाचे काम वाढते. बाहेर येऊन उभे राहताच रक्तदाब एकदम उतरू शकतो. फक्त पाय बुडवण्यात हे दोन्ही धोके पुष्कळच कमी असतात. निसरड्या पायऱ्या उतरण्याचा प्रश्नही मिटतो.

आपल्या परंपरेला ही समज नवी नाही. पंढरीत गाभाऱ्यापर्यंत पोहोचता आले नाही तर वारकरी कळसाचे दर्शन घेतो, नामदेवाच्या पायरीला हात लावतो आणि वारी घडली म्हणतो. तेव्हा वज्रेश्वरीच्या देवळाच्या पन्नासाच्या आसपास असलेल्या दगडी पायऱ्या चढवत नसतील, तर पहिल्या पायरीवर फूल ठेवून हात जोडावेत. कुंडाच्या बाबतीतही तसेच करावे.

आधी डॉक्टरांना विचारावे

बेत ठरवण्यापूर्वी नेहमीच्या डॉक्टरांना एकदा स्पष्ट विचारावे : "यांनी गरम पाण्यात पाय बुडवलेले चालतील का? अंग बुडवलेले चालेल का?" हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरेही वेगळी असू शकतात.

अलीकडे हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, थोड्या श्रमाने छातीत दुखत असेल, हृदयाची झडप अरुंद असल्याचे निदान झाले असेल, रक्तदाब आटोक्यात नसेल किंवा ताप असेल, तर अंग बुडवण्याचा विचारही करू नये. उघडी जखम, त्वचेचा संसर्ग किंवा एका पायाला अचानक आलेली सूज व दुखणे असेल, तर पायही बुडवू नयेत. आधी तपासणी करून घ्यावी.

मधुमेहींनी पुढचा परिच्छेद दोनदा वाचावा. दीर्घकाळच्या मधुमेहात पायांची संवेदना मंदावते. पाणी किती गरम आहे हे पायाला कळतच नाही आणि फोड आल्यावर, पुष्कळदा दुसऱ्या दिवशी मोजा काढताना, लक्षात येते. अशी जखम भरायला महिने लागतात. कधी प्रकरण बोट गमावण्यापर्यंत जाते. पायांना मुंग्या येत असतील, बधिरपणा असेल किंवा चप्पल पायातून निसटलेली कळत नसेल, तर पाय पाण्यात घालू नयेत. त्यांच्यासाठी दुसरा मार्ग आहे : ऊन पाण्यात भिजवून घट्ट पिळलेला पंचा खांद्यांवर आणि हातांवर ठेवावा. पंचा ठेवण्यापूर्वी सोबतच्या व्यक्तीने तो स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहावा.

औषधांबद्दलही बोलावे. रक्तदाबाच्या गोळ्या, छातीच्या दुखण्यासाठी जिभेखाली ठेवण्याची गोळी आणि पुरुषांना प्रोस्टेटसाठी दिली जाणारी काही औषधे यांमुळे उभे राहताना रक्तदाब उतरतो. गरम पाण्याने तो आणखी उतरतो. इन्सुलिन टोचलेल्या जागी उष्णता मिळाली तर ते लवकर शोषले जाते आणि साखर अचानक कमी होऊ शकते. वेदनेसाठी त्वचेवर चिकटपट्टी लावली असेल, तर तिच्यातील औषधही उष्णतेने जास्त वेगाने अंगात जाते. लघवी जास्त होण्याची गोळी घेणारे अनेक ज्येष्ठ प्रवासाच्या दिवशी ती गुपचूप टाळतात. तसे करू नये. त्या दिवशी ती किती वाजता घ्यावी हे डॉक्टरांना विचारून ठरवावे.

पाणी माणसाकडे आणावे

आता प्रत्यक्ष तयारीकडे वळू. सार्वजनिक कुंडांच्या पायऱ्या दगडी असतात, ओल्या असतात आणि सतत वापराने गुळगुळीत झालेल्या असतात. धरायला कठडा असेलच असे नाही. चाकांची खुर्ची कुंडाच्या काठापर्यंत जाईलच याची खात्री नसते. अशा वेळी दोन माणसांनी धरून ज्येष्ठांना खाली उतरवण्याचा मोह होतो, आणि बहुतेक अपघात तेथेच घडतात. सत्तरीनंतर खुब्याचे हाड मोडणे ही साधी गोष्ट नसते; चालते-फिरते माणूस त्यानंतर अंथरुणाला खिळू शकते.

यावर सोपा उपाय असा की माणसाला पाण्याकडे नेण्याऐवजी पाणी माणसाकडे आणावे. घरून एक रुंद तोंडाचा प्लास्टिकचा टब, दोन बादल्या, एक तांब्या आणि हात टेकायला दांडे असलेली घडीची खुर्ची न्यावी. चार पायांची सपाट, कोरडी, सावलीची जागा पाहावी. तेथील व्यवस्था पाहणाऱ्यांची परवानगी घेऊन कुंडातून बादलीभर पाणी काढावे आणि टबात ओतावे. वृद्ध माणसाला पाणी हवे आहे, असे सांगितले तर बादली भरून द्यायला चार हात पुढे येतात, हा आपल्याकडच्या तीर्थस्थानांचा गुण आहे.

पाणी लगेच वापरू नये. एकाच ठिकाणच्या दोन कुंडांचे तापमानही सारखे नसते आणि कोकणातील काही झऱ्यांचे पाणी तर ६० अंशांच्याही वर असते. ६० अंशांच्या पाण्याने सुमारे पाच सेकंदांत त्वचा खोलवर भाजते. ४९ अंशांचे पाणी तेच काम काही मिनिटांत करते. ज्येष्ठांची त्वचा पातळ असल्याने वेळ आणखी कमी लागतो. आपल्याला हवे आहे ते ३७ ते ३९ अंशांचे पाणी. ४० ही वरची मर्यादा समजावी. बाळाच्या अंघोळीच्या पाण्याचा तापमापक औषधांच्या दुकानात मिळतो, तो जवळ ठेवावा. ताप मोजण्याचा तापमापक येथे उपयोगी नाही; त्याची मोजणी ४२ अंशांच्या आसपास संपते. तापमापक नसल्यास सोबतच्या निरोगी व्यक्तीने कोपर पाण्यात बुडवून पाहावे. कोपराला पाणी नुसते सुखद वाटले पाहिजे. चटका जाणवला तर थांबावे किंवा साधे पाणी मिसळावे.

झऱ्याच्या परिसरातील काही निवासांमध्ये खोलीतच ऊन पाण्याची सोय असते. तेथे एक दिवसासाठी खोली घेतली तर एकांत मिळतो आणि कपडे बदलण्याचा प्रश्न सुटतो. खोली ठरवण्यापूर्वी फोन करून मोजके प्रश्न विचारावेत : खोली तळमजल्यावर आहे का? उंबरठा किती उंच आहे? शौचालय कमोडचे आहे का, त्याच्या शेजारी धरायला दांडा आहे का? दार चाकांची खुर्ची आत जाईल इतके रुंद आहे का? टाकीत उतरायला पायऱ्या किती? वाहन खोलीच्या दारापर्यंत येते का? "सगळी सोय आहे" या उत्तरावर समाधान मानू नये. शक्य असल्यास छायाचित्रे मागवून घ्यावीत.

पिशवीत काय असावे

नेहमीची औषधे मूळ वेष्टनासह आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत. पिण्याचे पाणी. साखर किंवा ग्लुकोजची पुडी. दोन कोरडे पंचे, एक जाड सुती चादर, कपड्यांचा जादा जोड, रबरी तळाची मागे पट्टा असलेली चप्पल. लघवीवर ताबा राहत नसेल तर प्रौढांची लंगोटपट्टी आणि जुनी वर्तमानपत्रे. घडीची कमोड खुर्ची घरी असेल तर ती गाडीत टाकावीच. तिच्यामुळे प्रवासाची निम्मी भीती जाते. स्त्रियांसाठी पुढून बटणे असलेला सैल सुती गाऊन सोयीचा, आणि एखादी जुनी नऊवारी आडोशाला फार उपयोगी पडते. दोघींनी दोन टोके धरली की चारचौघांतही कपडे बदलण्यापुरती खोली तयार होते.

ही सारी तयारी ज्येष्ठांच्या देखत करावी. पिशवीत कमोड खुर्ची आणि कोरडे कपडे दिसले की न विचारलेल्या प्रश्नांना परस्पर उत्तर मिळते. त्यांच्या पाठीमागे फोनवर कुजबुजत बेत ठरवला तर आपण ओझे आहोत ही भावना उलट वाढते. किती वाजता निघायचे, वाटेत काय खायचे, सोबत कोणाला घ्यायचे, हे निर्णय त्यांच्यावर सोपवावेत.

दिवसाची आखणी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. पावसाळ्यात नदीकाठ निसरडा होतो आणि उन्हाळ्यात गरम पाण्याचा त्रासच जास्त. नवरात्र, यात्रेचे दिवस आणि रविवार टाळावेत. मधल्या वारी सकाळी गर्दी कमी असते.

सकाळी सातच्या सुमारास हलका नाश्ता करून निघावे. दर तासाला दहा मिनिटे गाडी थांबवावी, पाय मोकळे करू द्यावेत, लघवीला जाऊन येऊ द्यावे. "लागली आहे का?" असे विचारू नये, संकोचाने "नाही" असेच उत्तर येते. "आपण सगळेच जाऊन येऊ" असे म्हणावे.

पोहोचल्यावर अर्धा तास नुसते बसावे. मग पाणी. पोट अगदी रिकामे नसावे आणि भरपेट जेवणही झालेले नसावे. पाय बुडवण्याआधी पेलाभर पाणी प्यावे. पहिल्यांदा पाच मिनिटे, बरे वाटले तर दहा. त्याहून अधिक नको. या वेळात सोबतच्या व्यक्तीने समोर बसून गप्पा माराव्यात, कारण बोलताना आवाज मंदावला किंवा उत्तर तुटक आले तर चटकन कळते. पाय बाहेर काढल्यावर लगेच उभे करू नये. पाय पुसावेत, बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात, दोन-तीन मिनिटे बसू द्यावे, मग आधार देऊन उठवावे. त्यानंतर अर्धा तास चादर पांघरून पडून राहावे. दिवसातला खरा आराम या अर्ध्या तासात मिळतो, म्हणून देवदर्शनाच्या घाईत तो गमावू नये.

डोके पाण्यात बुडवू नये आणि नाकात पाणी जाऊ देऊ नये. गरम गोड्या पाण्यात वाढणारा एक सूक्ष्म अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचू शकतो. असे क्वचितच घडते, पण घडल्यास जिवावर बेतते. तीर्थ म्हणून हे पाणी पिऊही नये. श्रद्धा असेल तर पाण्याला हात लावून नमस्कार करावा; भाव त्यातही पोहोचतो.

स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीला गर्दी, गंधकाचा वास आणि अनोळखी आवाज घाबरवू शकतात. त्यांच्यासाठी तासाभराचीच भेट ठेवावी, घरची ओळखीची शाल जवळ द्यावी आणि क्षणभरही एकटे सोडू नये. पाण्याजवळ हा नियम काटेकोरपणे पाळावा.

चक्कर, घाम, छातीत दुखणे, धाप, अडखळते बोलणे किंवा अतिशय थकवा यांपैकी काहीही जाणवले तर पाय लगेच पाण्यातून काढावेत, आडवे झोपवावे आणि घट्ट कपडे सैल करावेत. धाप लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर मात्र टेकून बसवावे. मधुमेही व्यक्ती शुद्धीवर असेल आणि नीट गिळू शकत असेल तर साखर द्यावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. जवळचे रुग्णालय कोणते आणि किती दूर, हे पोहोचल्याबरोबर विचारून ठेवावे.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी

या सदराच्या वाचकांत आईवडिलांची, सासूसासऱ्यांची किंवा जोडीदाराची वर्षानुवर्षे सेवा करणारी अनेक माणसे आहेत. त्यांत बहुतेक स्त्रिया आहेत, आणि अनेकींची स्वतःची कंबर आणि गुडघे एव्हाना कुरकुरू लागलेले आहेत. अशा सहलीत त्यांचे काम दुप्पट होते : पिशवी भरा, औषधे सांभाळा, पाणी तपासा, कपडे बदला, आणि परत आल्यावर ओले कपडे धुवा. सगळ्यांची सहल होते, तिची मात्र होत नाही.

म्हणून दोन नियम करावेत. पहिला असा की एका ज्येष्ठामागे दोन माणसे असावीत. एकट्या व्यक्तीने ही जोखीम घेऊ नये. दुसरा नियम : सेवा करणाऱ्या व्यक्तीलाही पाण्याची स्वतःची वेळ मिळावी. ज्येष्ठ चादर पांघरून पडले असताना दुसऱ्याने त्यांच्यापाशी बसावे आणि तिने पंधरा-वीस मिनिटे कोणाचीही हाक न ऐकता पाय पाण्यात सोडून बसावे. त्या वेळी भ्रमणध्वनी दुसऱ्याच्या हाती द्यावा. घरातील मुलगे आणि नातवंडे यांनी ही जबाबदारी आपणहून उचलावी. तिला मागावी लागू नये.

परतल्यावर

सूर्यास्तापूर्वी घरी पोहोचावे. रात्री हलके जेवण, भरपूर पाणी आणि लवकर झोप. दुसऱ्या दिवशी सकाळी पावलांचे तळवे, टाचा आणि बोटांच्या बेचक्या उजेडात नीट पाहाव्यात. लाली, फोड किंवा ओलसरपणा दिसल्यास डॉक्टरांना दाखवावे. रक्तदाब व साखर नेहमीप्रमाणे तपासून नोंद ठेवावी.

प्रवास अजिबात झेपणार नसेल त्यांनीही मन लहान करू नये. पायांना मिळणारा उष्णतेचा आराम घरच्या टबातील ३८ अंशांच्या पाण्यानेही मिळतो. नियम आणि वेळ तीच. खिडकीजवळ खुर्ची ठेवावी आणि घरातल्या कोणीतरी समोर बसून दहा मिनिटे गप्पा माराव्यात.

पुढच्या बेताच्या वेळी पुन्हा एकदा "मी घरी बरी आहे" असे उत्तर आले, तर ते लगेच मान्य करू नका. शेजारी बसा आणि हळू विचारा, "कशाची काळजी वाटते?" एवढे विचारून थांबा. उत्तर यायला थोडा वेळ लागेल. आलेल्या उत्तरावर उपाय सापडला तर पिशवी भरायला घ्या. आणि खरोखरच मनापासून 'नको' असेल, तर त्या 'नको'चाही मान राखा.